कामही आणि गेमही: विंडोज, लिनक्स की मॅक, हे कसं ठरवायचं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स थांबली आणि अनेक घरांत, छोट्या ऑफिसांत एकच प्रश्न उभा राहिला. मशीन छान चालतंय, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आहे, मध्यंतरी रॅम वाढवून एसएसडीही टाकून घेतली, पण विंडोज ११ त्यावर बसायला तयार नाही. दुकानदार नव्या पीसीचं कोटेशन काढून देतो. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम टाकू, हल्ली त्यावर गेमही चालतात. ऑफिसातलं कुणी मॅक मिनी सुचवतं. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर असू शकतं, म्हणून तर गोंधळ वाढतो.

माझं मत सरळ सांगतो. विंडोज, लिनक्स की मॅक, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, इथून सुरुवातच करू नका. आधी कागद घ्या आणि लिहा: या कॉम्प्युटरवर पोटापाण्याचं काम कोणकोणत्या प्रोग्रॅममध्ये होतं आणि संध्याकाळी कोणते गेम खेळले जातात. या यादीतली बहुतेक नावं कुठेही चालतात. एखाद-दुसरं नाव असं निघतं, जे एकाच ठिकाणी चालतं आणि ज्याच्याशिवाय आपलं भागत नाही. निर्णय त्या नावापाशी अडलेला असतो. उरलेला वाद आवडीनिवडीचा आहे, तो सावकाश घातला तरी चालतो.

एकीकडचा प्रोग्रॅम दुसरीकडे का चालत नाही

कुठलाही प्रोग्रॅम स्वतः डिस्कवर फाइल लिहीत नाही की स्पीकरला आवाज पाठवत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे तशी मागणी करतो आणि सिस्टीम ते काम हार्डवेअरकडून करून घेते. मागणी करायची रीत प्रत्येक सिस्टीमची निराळी. विंडोजच्या रीतीने मागणी करणारा प्रोग्रॅम लिनक्सवर किंवा मॅकवर नेला, तर त्याची मागणी तिथे कुणाला कळतच नाही. म्हणून सॉफ्टवेअर कंपनीला प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळी आवृत्ती बनवावी लागते, आणि जिथे ग्राहक पुरेसे नाहीत तिथे ती बनवत नाही.

ब्राउझरमुळे हा प्रश्न अर्धाअधिक सुटला. जीमेल, गूगल शीट्स, नेट बँकिंग, ऑनलाइन मीटिंग ही कामं ब्राउझरच्या आत होतात आणि ब्राउझर तिन्हीकडे आहे. तुमचं सगळं काम ब्राउझरमध्ये होत असेल, तर कामाच्या बाजूने तुम्ही मोकळे आहात. फक्त गेमकडे बघून ठरवा.

कामाच्या यादीतली अडणारी नावं

आपल्याकडे सगळ्यात जास्त अडणारं नाव म्हणजे टॅली, हिशेबाचं सॉफ्टवेअर. टॅली प्राइम विंडोजसाठी बनतं. कर सल्लागार, व्यापारी, सोसायटीचा हिशेब ठेवणारे यांच्या मशीनवर विंडोज असतं ते या कारणाने. त्याच्या जोडीला डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन, म्हणजे ऑनलाइन सही करायचं पेन ड्राइव्हसारखं उपकरण. सही करताना टोकनचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) आणि पोर्टलचा सहीचा प्रोग्रॅम या दोघांचं एकमेकांशी जुळावं लागतं, आणि ते विंडोजवर सगळ्यात कमी कटकटीत जुळतं.

दुसरा मोठा वर्ग छपाईचा. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दिवाळी अंकांची पानं ज्या कोरल ड्रॉमध्ये आणि अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये तयार होतात, ते विंडोज आणि मॅकवर आहेत, लिनक्सवर नाहीत. मराठी डीटीपीवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांना, आणखी एक अडचण आहे. श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या जुन्या फॉन्टांत केलेल्या कामात अक्षरं दिसायला देवनागरी असतात, पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले असतात. ही टायपिंगची साधनं विंडोजच्या काळात आणि विंडोजसाठी घडली. जुन्या फाइलींचा मोठा साठा असेल आणि त्यात रोज दुरुस्त्या कराव्या लागत असतील, तर विंडोज सोडू नका. नवं लिखाण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच असलेल्या अक्षर-संकेतांत होत असेल तर ही काळजी नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिन्ही सिस्टीमवर आहे आणि मजकूर एकीकडून दुसरीकडे जसाच्या तसा जातो.

इंजिनिअरिंगमध्ये सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट विंडोजवरच चालतात. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, लिनक्सची नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिस विंडोज आणि मॅकवर आहे. लिनक्सवर लिबरऑफिस मिळतं. साधी पत्रं, साधे तक्ते त्यात उत्तम होतात, पण मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) भरलेली एक्सेल फाइल साहेबांकडून येणार असेल तर त्यावर विसंबू नका. वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्ह यांचे अधिकृत प्रोग्रॅम लिनक्ससाठी नाहीत, ब्राउझरमधून वापरावे लागतात. घरून काम करणाऱ्यांनी आधी कंपनीच्या आयटी विभागाला विचारावं. कंपनीचं व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर) आणि मशीनवर देखरेख करणारं सॉफ्टवेअर कुठे चालतं, यावर बऱ्याचदा विषय संपतो.

प्रोग्रॅमरची गोष्ट उलटी आहे. सर्व्हर बहुतांशी लिनक्सवर चालतात, त्यामुळे लिनक्स त्यांना घरचं वाटतं. पण विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल नावाची सोय आहे, तिच्यात खरंखुरं लिनक्स विंडोजच्या आत चालतं. तेव्हा केवळ कोडिंगसाठी विंडोज सोडायची गरज राहिलेली नाही. थ्रीडी चित्रांसाठीचं ब्लेंडर आणि व्हिडिओ एडिटिंगचं डाविंची रिझॉल्व्ह ही दोन मोठी नावं मात्र तिन्हीकडे आहेत.

प्रिंटरही यादीत लिहा. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे वकिलांच्या ऑफिसापासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत दिसतो, आणि लिनक्सवर तो चालू करणं हे डोकेदुखीचं काम आहे. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना हा त्रास नाही.

लिनक्सवर विंडोजचे गेम चालतात कसे

इथे गेल्या काही वर्षांत सगळ्यात मोठा बदल झाला, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

विंडोजचा गेम चित्र काढायला सांगतो तो डायरेक्टएक्स नावाच्या भाषेत. ही भाषा मायक्रोसॉफ्टची, ती लिनक्सला येत नाही. १९९३ पासून वाइन नावाच्या प्रकल्पात जगभरचे प्रोग्रॅमर एक दुभाषा घडवत आहेत. विंडोजच्या प्रोग्रॅमने केलेली मागणी हा दुभाषा ऐकतो आणि तीच लिनक्सच्या रीतीने पुढे सांगतो. ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने वाइनला आणखी भागांची जोड देऊन प्रोटॉन बाजारात आणलं. त्यातला डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्टएक्सच्या जुन्या आवृत्त्यांचं व्हल्कनमध्ये रूपांतर करतो. व्हल्कन ही कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली ग्राफिक्सची भाषा आहे आणि ती लिनक्सला उत्तम येते. डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन हा वेगळा भाग आहे.

व्हॉल्व्हने हे धर्मादाय म्हणून केलं नाही. त्यांना स्वतःचं यंत्र विकायचं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र लिनक्सवरच चालतं, आणि त्यावर हजारो विंडोज गेम चालावेत म्हणून प्रोटॉनवर पैसा ओतला गेला. फायदा मात्र साध्या डेस्कटॉपवाल्यांनाही मिळाला. आज लिनक्सवर स्टीम टाकलं की सायबरपंक २०७७, विचर ३, बाल्डर्स गेट ३, एल्डन रिंग हे गेम इन्स्टॉलचं बटण दाबून चालू होतात, कुठलीही कमांड टाइप करावी लागत नाही. एपिक आणि जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानांतून घेतलेले गेम हिरोइक नावाच्या लाँचरमधून चालतात. मायक्रोसॉफ्टच्या गेम पासचं वर्गणीवालं मात्र गणित जमत नाही. ते गेम डाउनलोड करून खेळायचे तर विंडोजच हवं.

रूपांतरामुळे वेग पडेल अशी शंका साहजिक आहे. काही गेममध्ये थोडा पडतो. पण लेनोव्होचं लीजन गो एस हे यंत्र २०२५ मध्ये विंडोज आणि स्टीमओएस (व्हॉल्व्हचं स्वतःचं लिनक्स) अशा दोन्ही रूपांत विक्रीला आलं, तेव्हा त्याच हार्डवेअरवरच्या चाचण्यांत अनेक गेम स्टीमओएसवर जास्त वेगाने चालले. मागे चालणारा पसारा कमी, हे त्याचं एक कारण. स्टीम लिनक्सवर गेम सुरू व्हायच्या आधी शेडर (चित्र रंगवायचे छोटे प्रोग्रॅम) तयार करून ठेवतं, त्यामुळे पहिल्यांदा थोडं थांबावं लागतं, पण खेळताना मधेच अडखळणं कमी होतं.

आपला गेम चालतो की नाही हे तपासायला प्रोटॉनडीबी नावाचं संकेतस्थळ आहे. खेळणारे स्वतः तिथे अनुभव नोंदवतात आणि गेमला प्लॅटिनम, गोल्ड असे दर्जे मिळतात. वरचा दर्जा बघून समाधान मानू नका. तुमच्यासारखंच ग्राफिक्स कार्ड असलेल्यांनी अलीकडे काय लिहिलंय ते वाचा.

खरी भिंत: अँटी-चीट

एवढं सगळं जमलेलं असताना व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम लिनक्सवर का चालत नाही? फोर्टनाइट का नाही? याचं उत्तर ग्राफिक्समध्ये नाही, अँटी-चीटमध्ये, म्हणजे फसवणाऱ्या खेळाडूंना पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मेमरी, डिस्क, प्रत्येक उपकरण, सगळं त्याच्या ताब्यात. साधे प्रोग्रॅम त्याच्या बाहेर राहतात आणि एकमेकांच्या मेमरीत थेट डोकावू शकत नाहीत. ऑनलाइन नेमबाजीच्या गेममध्ये फसवणारे लोक काय करतात, तर स्वतःचा प्रोग्रॅम ड्रायव्हर म्हणून कर्नलमध्ये घुसवतात आणि तिथून गेमची मेमरी वाचून भिंतीपलीकडचा शत्रू कुठे आहे ते बघतात. बाहेर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला आतला चोर दिसत नाही. म्हणून गेम कंपन्यांनी आपला पहाराही कर्नलमध्ये नेला. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट तर कॉम्प्युटर चालू होतानाच जागं होतं. मे २०२४ पासून लीग ऑफ लेजंड्सलाही तेच लागतं.

हा पहारा विंडोजच्या कर्नलसाठी लिहिलेला आहे. प्रोटॉन कर्नलच्या बाहेर काम करतं, त्यामुळे कर्नल ड्रायव्हरचं रूपांतर त्याच्या हातात नाही. शिवाय लिनक्सचं कर्नल कुणीही स्वतः बदलून तयार करू शकतो. ज्याला ते स्वातंत्र्य हवं आहे त्याच्यासाठी ती मोलाची गोष्ट आहे, पण गेम कंपनीच्या नजरेतून बघितलं तर ज्या जमिनीवर पहारा ठेवायचा तीच खेळाडूच्या मालकीची. कंपन्यांचा नकार मला आवडत नाही, पण त्यामागचं कारण खोटं नाही.

ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या अँटी-चीटनी २०२१ मध्ये प्रोटॉनवर चालण्याची सोय केली. ती वापरायची की नाही हे गेम बनवणाऱ्यावर सोडलं. एल्डन रिंगने ती वापरली. एपेक्स लेजंड्सने आधी वापरली आणि ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी लिनक्सचं दार बंद केलं. जीटीए ऑनलाइन सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आल्यावर लिनक्सवर बंद झालं. जीटीए ५ ची एकट्याने खेळायची कथा मात्र चालते. व्हॅलोरंट, फोर्टनाइट, पबजीचा पीसी गेम, कॉल ऑफ ड्यूटीचे नवे भाग, बॅटलफील्ड ६ हे लिनक्सवर चालत नाहीत. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ हे व्हॉल्व्हचे गेम मात्र थेट लिनक्ससाठीच उपलब्ध आहेत. ही स्थिती बदलत राहते, म्हणून निर्णयाच्या दिवशी 'आर वुई अँटी-चीट येट' या संकेतस्थळावर गेमचं नाव टाकून बघा.

यातून एक गोष्ट कामाच्या बाजूनेही निघते, आणि ती फारसं कुणी बोलत नाही. कर्नलमध्ये शिरलेला प्रोग्रॅम चुकला तर अख्खं मशीन कोसळतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने हे जगाला दाखवलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते सॉफ्टवेअर गेमचं नव्हतं, पण बसलेलं होतं त्याच जागी. ज्या मशीनवर लोकांचे हिशेब, पॅन, सह्यांचे टोकन आहेत, त्यावर गेमसाठी कर्नलमध्ये शिरणारा प्रोग्रॅम बसवायला मी कुणालाही सांगणार नाही. शक्य असेल तर काम आणि असे गेम वेगवेगळ्या डिस्कवर, वेगवेगळ्या इन्स्टॉलेशनमध्ये ठेवा.

मॅकबद्दल थोडक्यात

नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिप आली तेव्हापासून मॅक हे कामासाठी फार चांगलं मशीन झालं आहे. थंड राहतं, वीज कमी खातं, व्हिडिओ एडिटिंगला वेगवान. गेमसाठी मात्र ते दुसऱ्या क्रमांकाचंही नाही. ॲपलने २०१९ च्या कॅटलिनामध्ये ३२-बिट प्रोग्रॅम बंद केले आणि जुन्या गेमांचा मोठा साठा एका फटक्यात गेला. व्हल्कनऐवजी त्यांची स्वतःची मेटल ही भाषा वापरावी लागते. पूर्वी बूट कॅम्पने मॅकवर विंडोज टाकता यायचं, नव्या चिपवर ती सोय नाही. बाल्डर्स गेट ३ आहे, जुलै २०२५ मध्ये सायबरपंकही आलं, पण निवड तोकडी. जो मुख्यतः काम करतो आणि अधूनमधून एखादा ठरावीक गेम खेळतो, त्याने तो गेम मॅकसाठी आहे का बघून खुशाल घ्यावं.

जुन्या मशीनचं काय

विंडोज ११ ला टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टीम अस्सल आहे का ते तपासण्याची सोय) लागतं, आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका यापुढचा प्रोसेसर. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवून बघा. 'टीपीएम नाही' असं उत्तर आलं म्हणून लगेच निराश होऊ नका. अनेक मदरबोर्डवर ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बंद केलेलं असतं. इंटेलवाल्यांकडे त्याचं नाव पीटीटी, एएमडीवाल्यांकडे एफटीपीएम. ते चालू केलं की काम होतं. प्रोसेसरच यादीत नसेल तर आडमार्गाने विंडोज ११ बसवता येतं, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कामाच्या मशीनवर हा जुगार नको.

विंडोज १० च ठेवायचं असेल, तर वाढीव सुरक्षा अपडेटची योजना घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तिच्यात नाव नोंदवून तेवढा वेळ मिळवता येतो.

त्यानंतर लिनक्स मिंटचा, म्हणजे लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी एकाचा, विचार जरूर करा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि विंडोजची सवय असलेल्या माणसाला त्याचा डेस्कटॉप परका वाटत नाही. अगदी नवं ग्राफिक्स कार्ड असेल आणि मुख्य हेतू गेम असेल, तर फेडोरा हा दुसरा प्रकार किंवा त्यावरच आधारलेलं बॅझाइट जास्त बरं, कारण त्यांत ड्रायव्हर ताजे असतात. एएमडीच्या कार्डांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतात, काहीच करावं लागत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. तो पूर्वीपेक्षा खूप सुधारला आहे, तरी डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये विंडोजच्या तुलनेत वेग कमी मिळतो. लिनक्सच वापरायचं ठरलं असेल आणि कार्ड अजून घ्यायचं असेल, तर एएमडी घ्या.

टाकायच्या आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, ब्लूटूथ हेडफोन जोडला जातो का, प्रिंटर दिसतो का, हे सगळं तिथेच कळतं. टॅलीसारखा एखादाच प्रोग्रॅम अडत असेल, तर लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नकली कॉम्प्युटरमध्ये, विंडोज चालवा. हिशेबाच्या कामाला ते पुरतं. गेमसाठी हा मार्ग धरू नका. अँटी-चीट व्हर्च्युअल मशीन ओळखून बाहेर काढतं.

दोन्ही हवीत तर

यादीत टॅली किंवा व्हॅलोरंट आहे, आणि उरलेलं सगळं लिनक्सवर करायचं आहे, अशांसाठी दोन्ही सिस्टीम एकाच मशीनवर ठेवता येतात. एकाच डिस्कचे दोन भाग करण्यापेक्षा दुसरी एसएसडी घ्या. विंडोजचं मोठं अपडेट कधीकधी लिनक्सच्या बूटमध्ये, म्हणजे सुरू होण्यात, ढवळाढवळ करतं. ऑगस्ट २०२४ च्या एका सुरक्षा अपडेटनंतर काही जणांचं लिनक्स सुरूच होईना. स्वतंत्र डिस्क असेल तर बूटचे बरेच घोळ निस्तरणं सोपं जातं.

सुरुवात करण्यापूर्वी कामाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची रिकव्हरी की लिहून ठेवा. विंडोज ११ मध्ये बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारी) झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पना नसते. बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज ती की मागतं. ती नसेल तर आतलं काही परत मिळत नाही. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर बंद केलेलं विंडोज खरं म्हणजे अर्धवट झोपलेलं असतं आणि त्याच्या डिस्कवर लिनक्सला नीट लिहिता येत नाही. विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) असलेले स्टीमचे गेम लिनक्समधून चालवायचा मोह टाळा, प्रोटॉनला ती फाइल सिस्टीम मानवत नाही. लिनक्सच्या डिस्कवर ते पुन्हा डाउनलोड करा.

आणि लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बॅटरी बदलायला धावू नका. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ, आणि भारतात या दोघांत बरोबर तेवढंच अंतर आहे. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला एकदा सांगितलं की हे थांबतं.